सार्वजनिक काका

माणसाचे पहिले नाव आईबाप ठेवतात. गणेश वासुदेव जोशी यांना दुसरे नाव पुणे शहराने दिले. सर्वांच्या हिताचे कोणतेही काम निघाले, की त्यात ते पुढे असावयाचे. म्हणून लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. तरुणपणी ते पुण्यास आले आणि वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथेच वकिली करू लागले. त्या काळी पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही, अशी पुण्यातील लोकांची तक्रार होती. परंतु ती सरकारच्या कानी घालावी कोणी? एकट्यादुकट्याचे सरकार ऐकत नसे. या विचारातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा एक नियम मोठा लक्षात ठेवण्यासारखा होता. ज्याला सभासद व्हावयाचे असेल, त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. म्हणजे आम्ही या गृहस्थास आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला आहे, असे पन्नास जणांनी लिहून द्यावे. आरंभी पंच्याण्णव सभासद झाले व त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. हा नियम एखाद्या वकिलासच सुचावा असा आहे. पक्षकाराने वकीलपत्र लिहून दिल्यावाचून वकिलास कोर्टात त्याच्या वतीने बोलता येत नाही. सभेनेही तीच रीत उचलली.

१८७१ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले. रानड्यांची विद्वत्ता आणि काकांची धडपड यांची जोडी चांगली जमली. परदेशी मालामुळे देशातील धंदे बुडत आहेत, हे ध्यानी येताच काकांनी १८७२ मध्ये स्वतः खादी वापरण्याचा निश्चय केला. पुढे १८७७ च्या जानेवारीत दिल्लीस मोठा दरबार भरला. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या राजेरजवाड्यांच्या त्या मेळाव्यात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका आपल्या पांढऱ्या खादीच्या पोशाखात गेले. इंग्लंडच्या प्रजेला जे राजकीय हक्क आहेत, तेच हिंदुस्थानच्या प्रजेलाही मिळावेत, ही त्यांच्या सभेची मागणी होती.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ कोसळला होता. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरील मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे कसे? सभेने आपली माणसे गावोगाव पाठवून लोकांच्या हालांची माहिती गोळा केली आणि ती तपशीलवार लिहून सरकारपुढे ठेवली. सरकारला हे अर्थातच रुचले नाही. हेच टेंपलसाहेब पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

१८७८ साली सरकारने दोन कायदे केले. एक देशी वर्तमानपत्रांसंबंधीचा. देशी भाषेतील पत्रात राज्याविरुद्ध असंतोष पसरविणारा मजकूर आला, असे सरकारला वाटले, तर छापखाना जप्त करता येई. आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रांना मात्र हा कायदा लागू नव्हता. दुसरा कायदा हत्यारांचा. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा त्याने गुन्हा ठरला. राज्याच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे, असे सरकार म्हणत होते.

आणि मग वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले.

वासुदेव बळवंत मूळचे कुलाबा जिल्ह्यातील शिरढोणचे. ते पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली होती आणि काकांप्रमाणेच स्वदेशीचे व्रतही घेतले होते. दुष्काळात लोक किडामुंगीसारखे मरताना पाहून त्यांचे मन पेटले. अर्ज-विनंत्यांवरील त्यांचा विश्वास उडाला. रामोशी तरुणांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजी राज्य उलथून टाकण्याचा बेत केला. त्यासाठी पैसा हवा होता. तो मिळविण्यास १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी धामारी गावी सावकारांची घरे लुटली. मे महिन्यात कोकणातील पळस्पे आणि चिखली येथे असेच दरोडे पडले. काकांचा मार्ग सनदशीर होता. हिशेब, पुरावा, सह्या आणि अर्ज यांच्या बळावर लोकांचे काम करावयाचे, हे त्यांनी आयुष्यभर केले. शस्त्राच्या वाटेने ते कधी गेले नाहीत.

दरोडे थांबविणे आणि रयतेच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणे हे कोणत्याही सरकारचे कामच आहे. त्याबद्दल त्यास दोष देता येत नाही. पण भीती वाटू लागली, म्हणजे अपराधी कोण आणि निरपराधी कोण, हे पाहण्याइतका धीर सत्ताधाऱ्यांना राहत नाही. १८७९ च्या उन्हाळ्यात पुण्यात हेच घडले. १३ मे रोजी रात्री पेशव्यांचा बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आग लागली. हे दोन्ही वाडे तेव्हा सरकारी उपयोगात होते. ही आग बंडवाल्यांनीच लावली आणि पुण्यातील शिकलेली माणसे त्यांना आतून सामील आहेत, असा सरकारी गोटात समज पसरला. आग लावणारा पुढे सापडला, तो निघाला सरकारी पुस्तकांच्या कोठारातील एक नोकर. त्याला स्वतः केलेला अपहार झाकावयाचा होता! परंतु तोवर संशयाने आपले काम केलेच होते. रानडे त्या वेळी नाशिकास न्यायाधीश होते आणि सुटीसाठी पुण्यास आले होते. त्यांना तातडीने धुळ्यास जाण्याचा हुकूम आला. तेथे त्यांची टपालाने येणारी पत्रे फोडून वाचली जात असत. एका न्यायाधीशाची ही गत, मग इतरांची काय असेल?

वासुदेव बळवंतांना पकडून देणाऱ्यास सरकारने बक्षीस जाहीर केले. अखेर जुलै १८७९ मध्ये, हल्लीच्या विजापूर जिल्ह्यातील देवर नावदगी या गावी, आजारी आणि थकलेल्या स्थितीत ते पकडले गेले. त्यांना पुण्यास आणण्यात आले आणि सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. या गुन्ह्यास कायद्यात फाशी किंवा जन्माची काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली होती.

आता प्रश्न आला वकिलाचा.

आरोपी कितीही मोठ्या गुन्ह्यात सापडलेला असो, त्याच्या बाजूने कायदा जाणणारा कोणी तरी उभा राहिला पाहिजे. साक्षीदार खरे बोलतो की शिकविल्याप्रमाणे बोलतो, हे त्याला उलट प्रश्न विचारल्यावाचून कळत नाही. पुरावा म्हणून पुढे केलेला कागद कोणाचा, तो कोठून आला, त्यावरून गुन्हा सिद्ध होतो की नाही, हेही कोणी तरी तपासावे लागते. सरकारच्या बाजूने हुशार वकील, पोलीस आणि साऱ्या राज्याचे बळ असते. दुसऱ्या बाजूस बेड्या घातलेला एकटा माणूस असला, तर त्याची चौकशी न्यायासनासमोर झाली, एवढेच म्हणता येईल. त्याला न्याय मिळाला, असे म्हणता यावयाचे नाही. परंतु त्या दिवसांत वासुदेव बळवंतांशी ओळख असणेही धोक्याचे झाले होते. सरकारचा रोष पत्करून त्यांची बाजू घेण्यास सहसा कोणी धजेना.

काका पुढे झाले.

त्यांनी काय पणाला लावले, याचा विचार करावा. त्यांच्या सभेकडे सरकार आधीच वक्र दृष्टीने पाहत होते. दुष्काळातील तिच्या अहवालांचा राग होताच. अशा वेळी सभेच्या संस्थापकाने बंडखोराचे वकीलपत्र घ्यावे, म्हणजे सरकारच्या संशयाला आयता पुरावा दिल्यासारखेच होते. सभा बंद पडली असती, तर जवळजवळ दहा वर्षांचे काम धुळीस मिळाले असते. शिवाय ज्याच्यासाठी हे करावयाचे, त्याचा मार्ग त्यांनी कधी स्वीकारला नव्हता. ज्याचे म्हणणे आपल्याला पटते, त्याच्यासाठी उभे राहणे पुष्कळांना जमते. काकांनी येथे मार्गाचा प्रश्न बाजूस ठेवला. आरोपीस आपला बचाव करण्याचा हक्क आहे आणि तो हक्क वकिलावाचून पोकळ राहतो, एवढेच त्यांनी पाहिले. महादेव चिमणाजी आपटे या नामांकित वकिलांनीही वासुदेव बळवंतांसाठी वकीलपत्र घेतले. पुण्यातील आनंदाश्रम ही संस्था पुढे स्थापन केली, ती यांनीच.

संगमाजवळच्या सेशन कोर्टात खटला चालला. आरोपीला पाहण्यास लोकांची गर्दी लोटे. पुरावा भक्कम होता आणि त्यातील सर्वांत वजनदार पुरावा खुद्द वासुदेव बळवंतांच्याच हातचा होता. त्यांनी लिहून ठेवलेली रोजनिशी व आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले होते. ज्याने आपले बेत आपल्याच अक्षरांत लिहून ठेवले, त्याला सोडविणे कोणाही वकिलाला कठीणच. नोव्हेंबर १८७९ मध्ये निकाल लागला आणि वासुदेव बळवंतांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८८० च्या जानेवारीत त्यांची रवानगी दूर एडनच्या तुरुंगात झाली. तेथून १८८३ च्या फेब्रुवारीत दाराच्या बिजागऱ्या उखडून ते निसटले, पण लवकरच पुन्हा पकडले गेले आणि त्याच महिन्यात तेथे त्यांचा अंत झाला.

काका खटला हरले होते. वकील या नात्याने त्यांना त्याचा खेद झालाच असेल. पण सभेचे दार त्यांनी लावून घेतले नाही, की सरकारदरबारी जाऊन आपला त्या बंडाशी संबंध नव्हता, अशी विनवणीही केली नाही. त्यांचे काम पूर्वीप्रमाणे चालू राहिले. मात्र ते फार दिवस चालावयाचे नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काकांचे निधन झाले. देशी वर्तमानपत्रांचा तो जाचक कायदा १८८२ साली रद्द झाला. ते पाहण्यास काका नव्हते.

त्यांनी उभी केलेली सभा पुढेही चालू राहिली. परंतु सरकारच्या हाती आणखी एक जुना कायदा होता, १८२७ चा पंचविसावा. राज्याच्या सुरक्षिततेसाठी कोणाही माणसास, खटला न भरता, अटकेत ठेवण्याचा अधिकार तो सरकारला देत असे. वासुदेव बळवंतांना कोर्टापुढे उभे करण्यात आले होते, म्हणूनच काकांना त्यांच्या बाजूने बोलता आले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या दिवसांत रँड या अधिकाऱ्याचा खून झाला, तेव्हा सरकारने तो जुना कायदा बाहेर काढला आणि नातू बंधूंना पकडून नेले. त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला नाही, की साक्षीदार बोलाविण्यात आले नाहीत. काकांसारखा एखादा वकील त्या दिवशी पुढे आला असता, तरी वकीलपत्र दाखल करावयास त्याला कोर्टच नव्हते.