बिनपैशांची वाट : पंडिता रमाबाई

आपल्या कॉलेजातून बाहेर पडले की समोर सात रस्ता. त्यातला एक रस्ता स्टेशनकडे जातो, एक विजापूरच्या वाटेला लागतो. एस. वाय. ला आल्यापासून या चौकात उभी राहिले, की मला नेहमी वाटते, यातल्या एखाद्या रस्त्याने सरळ निघून जावे, कुठेही. पण आमच्या घरात प्रवास म्हणजे तीनच : लग्न, मयत आणि देव. आण्णा यंत्रमागावर, आई विड्या वळते. दोघांचा सगळ्यात लांबचा प्रवास पंढरपूरपर्यंतचा. कोजागिरीला तुळजापूरला मात्र दोघेही चालत जातात. हिंडायला म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही, आणि मुलीने तर नाहीच. सोबत कोण, पैसे किती, मुक्काम कुठे, हे तीन प्रश्न आले की विषय संपतो.

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी पुण्याला जाताना गाडी केडगावला थांबली. सरांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितले, की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते याच गावात. शाळेत रमाबाईंवर चार ओळी वाचल्या होत्या, तेवढ्यावर निबंधही लिहिला होता. परत आल्यावर ग्रंथालयातून त्यांची पुस्तके काढली, आणि वाचता वाचता लक्षात आले, की वरच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर जवळ नसताना ही बाई निम्मे आयुष्य चालत होती. आज त्यांच्या चालण्याविषयीच लिहावे म्हणते. त्यांच्या कार्याविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यातला. सह्याद्रीचा हा भाग आज कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखला जातो. १९८७ मध्ये ते उद्यान जाहीर झाले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम या डोंगरात. आता पाठीवर पिशव्या लावलेली मुले वनखात्याची परवानगी काढून तिथे डोंगर चढायला जातात. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तिथे गेले ते मात्र हौसेने नव्हे.

अनंतशास्त्री मूळचे मंगळूरकडचे, घरात मराठी बोलणारे. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. बाईमाणूस संस्कृत शिकते हे या विद्यार्थ्याने तिथे पाहिले आणि आपल्या बायकोलाही शिकवायचे मनाशी ठरवले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर यात्रेत असताना गोदावरीच्या काठी एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. अनंतशास्त्री तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण याच मुलीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. त्यावर पंडित मंडळी खवळली, उडुपीला धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रीला शिकवणे शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांनी शास्त्रांतूनच दाखवून दिले. मग ते बायकोला घेऊन रानात राहायला गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता आणि शास्त्रीबुवा पहाटेपर्यंत राखण करीत जागे होते. पुढे तिथे झोपडी झाली, विद्यार्थी आले, यात्रेकरू आणि पाहुणे आले. येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालता घालता जमीन गेली आणि कर्ज झाले. तेव्हा सारे कुटुंब यात्रेला निघाले.

रमा त्या वेळी सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटीत तिला घातले आणि ती पेटी एका माणसाने डोक्यावर घेऊन गंगामूळचा डोंगर उतरला. इथून पुढे तिला वीस वर्षे घर म्हणून नव्हतेच.

आता प्रश्न खर्चाचा. पाचजण माणसे, आईवडील, मोठी बहीण, भाऊ श्रीनिवास आणि रमा, वर्षानुवर्षे चालतात, तर खातात काय? त्याची पद्धत ठरलेली होती. क्षेत्राच्या गावी पोचायचे. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर किंवा झाडाखाली बैठक मांडायची आणि पुराण वाचायचे. जाणारे येणारे बसत. संस्कृत कळो न कळो, ऐकल्याचे पुण्य लागते ही श्रद्धा. उठताना फूल, फळ, मूठभर धान्य, एखादा पैसा पोथीपुढे ठेवीत. त्यावर चूल पेटे. उरले तर तेही दानधर्मात जाई. भीक मागायची नाही. दिवस भरले की पुढच्या क्षेत्राची वाट धरायची.

या चालत्या बिऱ्हाडात शाळाही होती. शास्त्रीबुवा थकले होते म्हणून रमाला आईने शिकवले. दिवस उजाडला की चालणे, स्वयंपाक, पूजा सुरू होई, तेव्हा शिकवणी पहाटेची. पाखरे जागी व्हायच्या आत लक्ष्मीबाई लेकीला उठवून मांडीशी घेत आणि श्लोक घोकून घेत. बाराव्या वर्षापर्यंत मुलीचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते. ज्या गावाला जातील तिथली बोली कानावर पडे, त्यामुळे भाषाही बऱ्याच आल्या. माझी आई विड्या वळताना मला पाढे म्हणायला लावायची, तिला स्वतःला ते येत नसत. आपण चुकलो तर तिला कळणार नाही हे मला ठाऊक होते, तरी चुकायची हिंमत होत नसे. लक्ष्मीबाईंविषयी वाचताना मला राहून राहून ते आठवत होते.

इथवरचा प्रवास वाचायला छान वाटतो. पुढचा वाटत नाही. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. सोलापूर जिल्ह्यानेही त्याच दशकात, १८७६-७७ ला, भयंकर दुष्काळ पाहिला. ज्यांच्या घरात दाणा नाही ते पोथीपुढे काय ठेवणार? आधी पैसे संपले, मग भांडी विकली, मग अंगावरच्या चांगल्या वस्त्रांची पाळी आली. शेवटी सारे रानात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वृद्ध शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू, म्हणून त्याने वडिलांना थांबवले.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. चार हात काम करू शकणारी तरुण माणसे उपाशी राहिली, कारण त्यांना कामच येत नव्हते आणि करायची लाजही होती. हे मी पदरचे सांगत नाही, रमाबाईंनीच पुढे स्वच्छ लिहिले आहे. आमची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. हाताला फोड आले, सुकडी खाऊन दिवस काढले, पण माणसे जगली. आजीला अक्षर येत नव्हते आणि या बहीणभावाला हजारो श्लोक येत होते. उपासमारीत काय कामाला आले ते दिसतेच आहे. आजीचे मोठेपण सांगावे म्हणून हे लिहीत नाही. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला इथे सापडते असे वाटते.

रानातून बाहेर पडून जवळच्या गावी पोचल्यावर एका जुन्या देवळात वडील गेले. दीडेक महिन्यात आईची तीच गत झाली. आई शेवटच्या दुखण्यात बाजरीची भाकरी मागू लागली, तेव्हा रमा शेजारच्या बाईंकडे गेली. जन्मात कधी मागितले नव्हते. तुकडाभर भाकरी द्या एवढे बोलताना तिचा कंठ दाटून आला. त्या बाईंनी भाकरी दिली, पण ती तोंडात घालायची शुद्ध आईला राहिली नव्हती. स्मशान तीन मैलांवर. खांदा द्यायला कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी होती, खांद्याला तिरडी पोचेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीण पटकीने गेली. रमाचे वय त्या वेळी विशीच्या आत, म्हणजे माझ्याच आसपासचे.

उरले दोघे. दोघांनीही चालणे सोडले नाही, सोडून जायचे तरी कुठे? दक्षिणेतून थेट काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेला वळून बंगालपर्यंत गेले. हे अंतर चार हजार मैलांच्या घरात भरते, बहुतेक सारे पायी. मूठभर धान्य पाण्यात भिजवायचे आणि मीठ लावून खायचे. पंजाबात झेलमच्या काठी थंडी असह्य झाली. अंगावर घ्यायला काही नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत झोपले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली, डोकी तेवढी बाहेर ठेवली. देवाधर्माने सांगितलेले सारे करूनही देव भेटला नाही, ही शंका दोघांच्या मनात याच वाटेवर घर करून बसली.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचले. तो काळ ब्रिटिश हिंदुस्थानच्या राजधानीचा : विद्यापीठ, बंगाली बाबूंच्या सभा. अशा शहरात ही दोन उन्हाने रापलेली मराठी पोरे शिरली. पण वीस वर्षांच्या या मुलीने सभेत संस्कृतात बोलायला सुरुवात केली आणि पंडित थक्क झाले. सिनेट हॉलमध्ये तिची परीक्षा झाली, पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली. बाईने वेद वाचू नये असे तोवर तिलाही वाटत होते. आईने पहाटे पेरलेले कलकत्त्याला उगवले, पण ते पाहायला आई नव्हती.

पुढचे दिवस भराभर गेले. मे १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, विवाह नोंदणीचा. १८८१ ला मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. लहान मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि तिथे आर्य महिला समाज काढला. मग इंग्लंडला जायचे ठरले. इथे पुन्हा पैशांचा प्रश्न. त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक १८८२ मध्ये लिहिले होते, त्याच्या विक्रीतून बोटीचे भाडे उभे केले. पुस्तक विकून समुद्र ओलांडणाऱ्या मराठी बाया त्या काळी किती असतील?

इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्यात जे वादळ उठले ते बरीच वर्षे शमले नाही. पुढे १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनीही त्यांच्या संस्थेतून अंग काढून घेतले. धर्म कुणाचा खरा यात मी पडत नाही. पण हयातभर देव शोधत चाललेल्या माणसाने वाट बदलली तर आपण फार रागावू नये, असे मला वाटते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगाव व्याख्याने देत जवळजवळ तीन वर्षे हिंडल्या. १८८७ ला आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा जमला. परत येऊन त्यांनी या अमेरिकेतल्या प्रवासावर मराठीत अख्खे पुस्तक लिहिले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आणले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरताहेत ही बातमी कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्या रानातल्या अकरा रात्री त्यांना माहीत होत्या. तिथून सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, तेव्हा सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. विहिरी खणल्या, झाडे लावली, छपरे उभी केली. १९०० पर्यंत तिथे दोनेक हजार माणसे झाली.

माझे लक्ष वेधले ते त्या मुलींना काय शिकवले याने. वाचायला तर शिकवलेच, पण शेती, दुभती जनावरे, विणकाम आणि छापखानाही शिकवला. अक्षरे जुळवणे, छापणे, बांधणे, सगळे मुलींच्या हातांनी. केडगावला माग होते हे वाचून मी आण्णांना सांगितले. त्यांना रमाबाई कोण ते माहीत नव्हते, त्यांनी फक्त विचारले, की माग हातमाग होता की पॉवरलूम. हातमाग, म्हणाले मी, आणि ते खूश झाले.

रमाबाईंनी शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. मजकूर छापला तोही याच मुलींनी. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या, केडगावलाच. सहा महिन्यांची असताना जी वाटेला लागली, तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा मुक्काम या माळावर झाला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी केडगावला जाऊन यायचे म्हणतो आहोत. सकाळी निघून रात्री परत. तिकिटाचे पैसे मी शिकवणीतून साठवले आहेत. घरी तीन प्रश्न झाले. पहिल्या दोहोंची उत्तरे दिली, मुक्काम नाहीच म्हटल्यावर तिसरा गळून पडला. आईने विचार करून सांगते म्हटले आहे.

— द्वितीय वर्ष, कला