लॅम्बर्ट: प्रकाश मोजायला शिकवणारा शिंप्याचा मुलगा

मोबाईल गेममधला चेंडू गोल आणि खरा वाटतो, त्यामागे अनेकदा लॅम्बर्ट शेडिंग नावाचं गणित असतं. सॅटेलाईटचे कॅमेरे तपासतानाही हेच नाव भेटतं. कोण होते हे लॅम्बर्ट?

योहान हाइनरिख लॅम्बर्ट यांचा जन्म १७२८ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या म्यूलूझ शहरात झाला. वडील शिंपी, परिस्थिती बेताची. १२व्या वर्षी शाळा सुटली. दिवसा वडिलांना मदत आणि उरलेल्या वेळेत अभ्यास. पुढे कारकुनी केली. मग स्वित्झर्लंडमध्ये एका बड्या घराण्यातल्या मुलांची शिकवणी मिळाली आणि त्या घरातलं ग्रंथालयच त्यांचं कॉलेज झालं. पाय ही अपरिमेय संख्या आहे, हे सर्वात आधी त्यांनीच सिद्ध केलं.

सेन्सर नव्हता, डोळा होता

१७६० मध्ये त्यांचं 'फोटोमेट्रिया' हे पुस्तक आलं. उजेड किती आहे, हे डोळा आकड्यात सांगू शकत नाही. पण दोन पृष्ठभाग सारखेच उजळ आहेत का, हे तो छान ओळखतो. लॅम्बर्ट यांनी हेच वापरलं. मेणबत्त्या पुढे-मागे करून उजेड जुळवायचा आणि अंतरावरून हिशोब करायचा! पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो, त्या मापाला अल्बेडो हा शब्दही त्यांनीच रूढ केला. १७७७ मध्ये, अवघ्या ४९व्या वर्षी बर्लिनला त्यांचं निधन झालं.

आज मेणबत्तीच्या जागी चंद्र

अवकाशात सॅटेलाईटचा सेन्सर हळूहळू मंदावतो. मग फोटोत समुद्राचा रंग बदललेला दिसला, तर समुद्र बदलला की कॅमेरा? हे ठरवायला न बदलणारी वस्तू हवी. चंद्रावर ना ढग, ना पाऊस. त्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. म्हणून १९९७ मध्ये सोडलेला सीविफ्स सेन्सर दर महिन्याला चंद्राकडे बघायचा. लँडसॅट ८ सुद्धा हेच करतो.

फक्त एक अडचण आहे. लॅम्बर्ट यांच्या नियमाप्रमाणे पौर्णिमेचा चंद्र कडेला अंधूक दिसायला हवा, पण तो थाळीसारखा सपाट उजळतो. शिवाय कलेप्रमाणे त्याचा उजेड बदलतो. म्हणून अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथून काही वर्षं ३२ फिल्टरमधून चंद्र मोजला गेला. आज अनेक सॅटेलाईटचे सेन्सर त्याच हिशोबाशी ताडून बघितले जातात.