बाटली क्रमांक ५३-एन

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःवरच वापरून पाहिली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले.

अखेर त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या नोंदी. हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. तिचा क्रमांक ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीच झाले नव्हते. ती बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू परळलाच शिरले असते, तर एवढ्या दिवसांत लसीला दुर्गंधी सुटली असती. उघडताना तसा वास आला नव्हता. उलट, बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे साक्षीत आले होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे मुद्दे लावून धरले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

क्रमांक, तारीख, कोणी व कशी हाताळली, या माहितीविषयीच्या माहितीला आज मेटाडेटा म्हणतात. ती नसती, तर हाती उरला असता फक्त १९ हा आकडा. संशोधनातील प्रत्येक आकड्याचे असेच असते. रक्तदाब १४०/९० एवढेच लिहिले, पण कोणाचा, केव्हा, बसून की झोपून मोजला हे लिहिले नाही, तर तो आकडा पुढे कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. आज बीड जिल्ह्यातील आरोग्य केंद्रातही लसीच्या कुपीवर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. बाळाच्या लसीकरण कार्डावरच्या नोंदी नीट करून घ्याव्यात आणि ते कार्ड जपून ठेवावे. वेळ आली, तर उत्तर तिथेच सापडते.