गागोद्याचा विन्या आणि आमच्या घरची विळी

मे महिन्यात काका सुटीवर आला की आमच्या रामवाडीच्या घरी एक पदार्थ हटकून होतो. त्याला आम्ही काकाची कोशिंबीर म्हणतो. काका मालवाहू बोटीवर नोकरीला आहे आणि बोटीवरचे त्याचे बरेच सोबती फिलिपाइन्सचे. त्यांच्याकडून तो हा प्रकार शिकला. हिरव्या कैरीच्या उभ्या चिरलेल्या फोडी, टोमॅटो, कांदा आणि वर खारवून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा लगदा, असा मूळ बेत. तो लगदा पेणच्या बाजारात कुठून मिळणार? म्हणून काका जवळा खमंग भाजून वरून चुरतो. कांदा मात्र अलिबागचा पांढरा. कधी जोडीला आडोबो असतो. लसूण, मिरी, तमालपत्र, सोया सॉस आणि व्हिनेगर यांत मंद आचेवर शिजवलेली कोंबडी. भात, नारळ, मासळी आणि आंबटाची ओढ या बाबतीत त्या बेटांवरची माणसे आपली सख्खी शेजारी वाटतात.

गेल्या वर्षी काकाने कांद्याची परडी आणि विळी माझ्यापुढे सरकवली. मी परीक्षेचे कारण सांगितले आणि वर, चिरायला आजी आहे की, असेही बोलून गेलो. आजी रागावली नाही. विनोबा भावे कोणत्या तालुक्यातले, एवढेच तिने विचारले. पेण तालुक्यातले, गागोद्याचे, हे मला पाठ होते. मग गांधीजींना प्रथम भेटायला गेल्यावर त्यांनी काय केले, असे तिने विचारले. ते मला ठाऊक नव्हते. पुढे सुटीभर वाचनालयातून विनोबांविषयी मिळेल ते वाचत गेलो. भूदानाचा मोठा नकाशा आपण शाळेत पाहिलेला असतो. मला दिसत गेले ते एक स्वयंपाकघर.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत. घरी आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई. घरच्या फणसाची गोष्ट विनोबा पुढे आयुष्यभर सांगत असत. फणस कापला की आधी देवापुढे ठेवायचा, मग गऱ्यांचे द्रोण भरून विन्याने ते शेजारीपाजारी पोचवून यायचे आणि त्यानंतरच घरच्यांनी खायचे. आपल्याकडे फणस कापला की त्याचा वास चार घरे ओलांडतो. मुलाच्या तोंडाला पाणी सुटले असणारच. पण द्रोण वाटून झाल्याशिवाय गरा मिळत नसे.

दुसरी गोष्ट तांदळाची. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडील शास्त्रीय वृत्तीचे. एका तोळ्यात किती दाणे भरतात ते मोजावे, त्या हिशेबाने लाखाचे वजन काढावे आणि चूक राहू नये म्हणून थोडे जास्त घालावेत, असे त्यांनी सुचवले. आईने विन्याला विचारले. हे गणिताचे काम नसून दाण्यागणिक देवाचे स्मरण करण्याचे काम आहे, असे त्याने सांगितले आणि मोजणी चालू राहिली. पुढे गावोगाव फिरून एकेक एकर मागणाऱ्या माणसाचे मूळ मला त्या तांदळात दिसते.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब बडोद्याला गेले. मुलगा गणितात हुशार, पण मन लागेना. एके दिवशी आई चुलीपाशी बसलेली असताना त्याने आपल्या परीक्षांचे दाखले त्याच चुलीत घातले. कागद ठेवायला काय हरकत होती, असे आईला वाटले. त्याला मात्र परतीचा दोर ठेवायचा नव्हता. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेलाच उतरला आणि काशीची गाडी धरून निघून गेला. काशीत दुपारचे जेवण अन्नछत्रात होई. तिथे दोन पैसे दक्षिणा मिळे. त्यात रात्रीसाठी एका पैशाची रताळी आणि एका पैशाचे दही येई.

काशीत गांधीजींचे हिंदू विश्वविद्यालयातील भाषण गाजत होते. ते वाचून विनोबांनी पत्रे लिहिली, उत्तरे आली आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोचले. गांधीजी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले होते. देशाचा पुढारी भाजी चिरतो, हे त्या वीस वर्षांच्या तरुणाने कधी ऐकलेही नव्हते. गांधीजींनी त्याच्याही हाती चाकू दिला. त्याने तोवर भाजी चिरली नव्हती. भाजी चिरता चिरताच विचारपूस झाली. ज्याच्या शोधात काशी गाठली, ते त्याला अहमदाबादच्या स्वयंपाकघरात सापडले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

पुढच्याच वर्षी प्रकृती सुधारावी आणि संस्कृतचे अध्ययन व्हावे म्हणून ते रजा घेऊन वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले. तिथे मीठ सोडले, मसाले कायमचे सोडले. विद्यार्थ्यांना जमवून दळण दळायचे, दोन शेरांना एक पैसा घ्यायचा आणि जमलेली रक्कम वाचनालयाला द्यायची, असा उद्योगही केला. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आपण कोणी जात्यावर बसू का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

ऑक्टोबर १९१८ मध्ये, तापाच्या साथीत, आई गेली. गीता आपल्याला समजेल अशा मराठीत असावी, ही तिची इच्छा मुलाने १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ रचून पुरी केली. त्याआधी १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमाचे काम पाहायला गेले होते. १९३८ मध्ये प्रकृती ढासळून वजन अवघे ८८ पौंड उरले, तेव्हा ते पवनारला धाम नदीकाठी राहू लागले. तिथे रोज थोडी थोडी जमीन खणू लागले. खणण्यानेच अंग भरले. १९५० च्या आरंभी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाने विकत घेतलेले अन्न शक्य तितके टाळायचे, विहीर स्वतः खणायची, बैलाऐवजी माणसांनी रहाट फिरवायचा, भाजी आपल्या वाफ्यातली. रहाट फिरवताना मुखाने गीताई चाले. ताटात काय आहे यापेक्षा ते कोणाच्या घामाने आले, हा त्यांचा प्रश्न होता.

१८ एप्रिल १९५१ रोजी तो प्रश्न तेलंगणातील पोचमपल्लीत उभा राहिला. गावातल्या ४० दलित कुटुंबांनी पोटासाठी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली आणि भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे विनोबा देशभर पायी चालले. पोटाच्या व्यथेमुळे आहार म्हणजे थोडे थोडे दही आणि मध. दान मिळालेली जमीन ४० लाख एकरांच्या वर गेली. पण त्यातली पुष्कळशी नापीक किंवा वादातली निघाली आणि बरीच वाटलीच गेली नाही. १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवरही कडक टीका झाली. आपल्या तालुक्याचा माणूस म्हणून हे लपवण्याचे कारण नाही. गऱ्यांचे द्रोण पोचवायला विन्या स्वतः घरोघर गेला होता; दानपत्रावरची जमीन भूमिहीनाच्या दारी पोचवायला तसे पाय सगळीकडे मिळाले नाहीत.

आता काकाच्या फिलिपाइन्सकडे वळतो. तिथले अध्यक्ष रामोन मॅगसेसे १९५७ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या देशातही भूमिहीनांचे सशस्त्र बंड होते आणि शरण आलेल्या बंडखोरांना जमीन देऊन वसवण्याची योजना त्यांनी चालवली होती. त्यांच्या नावाचे पुरस्कार १९५८ मध्ये प्रथम दिले गेले. त्यात समाजनेतृत्वाचा पुरस्कार विनोबांना मिळाला. भाताच्या आणि नारळाच्या त्या देशाने आपल्यासारख्याच भाताच्या आणि नारळाच्या प्रदेशातला माणूस ओळखला, याचे मला नवल वाटत नाही. हे मी काकाला सांगितले तेव्हा तो आडोबो ढवळायचा थांबला. इतकी वर्षे तो मनिलाच्या माणसांबरोबर जेवतो, पण हे त्याला माहीत नव्हते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये, देह थकला असे ओळखून, विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला पवनारला देह ठेवला. भारतरत्न १९८३ मध्ये, मरणोत्तर.

विनोबांनी आमच्या कोशिंबिरीला हात लावला नसता, हे उघड आहे. तीत मीठ आहे, तिखट आहे आणि जवळा तर आहेच. अस्वादव्रत मला झेपणारे नाही. भाजलेल्या जवळ्याच्या वासाला मी अजून हरतो. पण त्यांच्या आयुष्यातून माझ्या वाट्याला दोन कामे आली आहेत. यंदा मे महिन्यात कांदा मी चिरला. फोडी जाड झाल्या, डोळ्यांतून पाणी आले आणि आजीने त्यातला निम्मा कांदा पुन्हा बारीक केला. मग काकाने वाडगे भरले, तेव्हा पहिला वाडगा घेऊन मी शेजारी गेलो. परत येईपर्यंत कोणी जेवायला बसले नव्हते.