भिंतींविना तुरुंग उभारणारा राजा

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला आणि सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर घराघरांत पोहोचला. बर्लिनच्या महोत्सवातही चित्रपटाचा गौरव झाला. मात्र ज्या प्रयोगातून ही कथा सुचली, तो प्रयोग आपल्या राज्यात करू देणारा राजा प्रेक्षकांच्या फारसा लक्षात राहिला नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्याचे नाव.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेला हा राजपुत्र १९०९ मध्ये गादीवर आला. सूर्यनमस्काराचा प्रचारक, चित्रकार, कीर्तनकार अशी त्यांची ख्याती होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली ती त्यांनीच, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पाला सढळ हाताने साहाय्य केले तेही त्यांनीच. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचा काळ सत्तरीनंतर सुरू झाला.

१९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचा मनोदय जाहीर केला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे या कामातील प्रमुख साहाय्यक. फ्रीडमन हे पोलंडचे अभियंता. भगवी वस्त्रे परिधान करून ते भारतानंद झाले होते. गावपंचायतींना अधिकार मिळाले, राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा पडली.

तुरुंगाचा प्रश्न याच काळात पुढे आला. आटपाडीनजीकच्या माळावर कैद्यांची एक वसाहत वसविण्यात आली आणि तिला स्वतंत्रपूर हे नाव मिळाले. उंच भिंत नाही, शेती करावी, राबून खावे आणि शिक्षा भोगावी अशी ही कल्पना. या योजनेमागे फ्रीडमन यांची प्रेरणा होती. परंतु परवानगी देणारा आणि जबाबदारी घेणारा राजाच होता, हे विसरता येणार नाही.

ही जबाबदारी किती मोठी होती, हे औंधचा नकाशा पाहिल्यावर कळते. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी, औंध, कुंडल असे तुकडे इतरांच्या हद्दींमध्ये विखुरलेले होते. पळून जाऊ इच्छिणाऱ्या कैद्याला काही कोस चालले की परका मुलूख लागे. त्यात माणदेशचा हा भाग दुष्काळी, पावसाची खात्री नाही. अशा जमिनीत कैद्यांकडून शेती करून घेणे म्हणजे दुहेरी जुगारच! एखादी मोठी फसवणूक झाली असती, तर संस्थानच्या साऱ्या लोकशाही प्रयोगावर बोट ठेवायला वरिष्ठ ब्रिटिश सत्तेला आयते निमित्त मिळाले असते.

चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच परिसरातले. त्यांचे शिक्षणही आटपाडी, कुंडल आणि औंध येथे झालेले. त्यामुळे स्वतंत्रपूरची गोष्ट रुपेरी पडद्यापर्यंत गेली यात नवल नाही. पडद्यावर तिला एक जेलर नायक मिळाला. राजाला त्यात जागा उरली नाही.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. संस्थान संपले, परंतु वसाहत संपली नाही. ती सरकारी कारागृह खात्याकडे आली. पुढे येरवडा, पैठण आणि विदर्भात अमरावती जिल्ह्यातील मोर्शी येथेही खुली कारागृहे निघाली. स्वतंत्रपूरचे वेगळेपण असे की, येथे निवडक कैद्यांना बायकामुलांसह राहून शेती करण्याची मुभा मिळाली. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात ही वसाहत त्याच नावाने ओळखली जाते.