इंदूर पद्धतीच्या खताचे जनक : सर अल्बर्ट हॉवर्ड

आपल्या इंदुरात रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते आणि आपण ओला, सुका कचरा वेगवेगळा टाकतो. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला नंबर आपलाच आला, त्याचे कौतुक आपण सगळेच करतो. पण कचऱ्यापासून खत करण्याची एक पद्धत जगभर आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते, हे किती जणांना माहीत आहे? मलाही नोकरीत असेपर्यंत माहीत नव्हते. कृषी महाविद्यालयासमोरून हजार वेळा गेलो असेन, पण आत कधी काय घडले याचा विचार केला नाही.

त्या पद्धतीचे जनक अल्बर्ट हॉवर्ड. जन्म ८ डिसेंबर १८७३, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या गावी. घर शेतकऱ्याचे. लंडनला आणि नंतर केंब्रिजला शिक्षण झाले. पहिली नोकरी वेस्ट इंडीजमध्ये, पिकांवरील बुरशीच्या रोगांचा अभ्यास करण्याची. तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, पण तो सल्ला स्वतः वापरून पाहायला हातभर जमीन नाही. ही खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली, आणि पुढचे सगळे तिच्यातूनच निघाले असे मला वाटते.

१९०५ साली ते हिंदुस्थान सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा येथे आले. (दिल्लीचे पुसा ते हेच. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली, नाव मात्र सोबत गेले.) त्याच वर्षी मुंबईत त्यांचे लग्न झाले. पत्नी गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या विदुषी, वनस्पतींच्या श्वसनावर काम केलेल्या. पुढे सरकारने त्यांनाही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमले. पुसा गव्हाच्या प्रसिद्ध जाती या दोघांच्या कामातून निघाल्या.

पुसात हॉवर्ड यांनी जमीन मिळवली, बैल ठेवले आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे नीट पाहायला सुरुवात केली. कोणतेही विकत खत न घालता, फवारणी न करता त्यांची पिके निरोगी कशी, हे साहेब त्यांच्याकडून शिकले. शेतकरी आणि पिकांवरची कीड यांना ते आपले गुरू मानत. त्यांचे बैल शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांशी नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. एवढ्यावरून सिद्धांत मांडणे आजच्या शास्त्रज्ञांना पटणार नाही, आणि त्या काळीही पुष्कळांना पटले नव्हते. पण हॉवर्ड यांची खात्री झाली होती, की जमिनीत कुजलेला सेंद्रिय अंश भरपूर असेल तर पीक आणि जनावर दोन्ही धडधाकट राहतात.

अडचण संस्थेत होती. तिथे किडीचा विभाग वेगळा, बुरशीचा वेगळा, रसायनाचा वेगळा. एकाच झाडाचे तुकडे करून वाटून घेतल्यासारखे. हॉवर्ड यांना झाड, माती, जनावर आणि शेतकरी एकत्र पाहायचे होते. ते तिथे जमेना, म्हणून त्यांनी वेगळी संस्था काढायचे ठरवले. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी आणि कापूस समितीने पैसा दिला. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. १९२४ साली इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे.

माळव्याची काळी जमीन, कपाशीचे पीक आणि शेणाच्या गोवऱ्या करून जाळण्याची चाल. म्हणजे जमिनीचे जमिनीला परत जातच नव्हते. मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून मला हे चटकन कळते : खात्यातून काढणे रोजचे आणि भरणा शून्य. हॉवर्ड यांनी अमेरिकन कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग यांचे चीन, जपानमधल्या शेतीवरचे पुस्तक वाचले होते. तिथले शेतकरी गावातला काडीकचरा, राख, मैला, काहीही वाया न घालवता चार हजार वर्षे जमीन राखून होते. तेच इथे, इथल्या हवेत आणि इथल्या वस्तूंनी कसे करायचे, हा प्रश्न त्यांनी घेतला.

उत्तर साधे निघाले. दोन-तीन फूट खोल, लांबरुंद खड्डा. त्यात पालापाचोळा आणि तण यांचे थर, मध्ये शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि थोडी राख. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्या त्यांचा चुरा फुकटात करून देत! ओल हवी, पण चिखल नको. हवा खेळती राहावी म्हणून ढीग ठरावीक दिवसांनी पालटायचा. आत इतकी उष्णता होते की माशांच्या अळ्या टिकत नाहीत. साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग लावायचा.

इथे अनुभवाचे दोन शब्द. आमच्या वसाहतीत काही वर्षांपूर्वी खताचा खड्डा केला होता. दोन महिन्यांत असा वास सुटला की तक्रारी आल्या आणि तो बुजवावा लागला. आम्ही त्यात फक्त भाजीची साले आणि उरलेले अन्न टाकत होतो. कोरडी पाने नाहीत, माती नाही, पालटणे नाही. वाळकी पाने तर माळी शेजारीच जाळत होता. हॉवर्ड साहेबांची पद्धत आधी वाचली असती तर तो खड्डा आजही चालू असता.

या कामात साहेब एकटे नव्हते. १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या त्यांच्या पुस्तकावर, 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर'वर, दोन लेखकांची नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायनाचे काम पाहणारे सहाय्यक. ते नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थबकलो. आज जगभरच्या पुस्तकांत हॉवर्ड सापडतात, वाड क्वचितच. साहेबांनी मात्र सहाय्यकाचे नाव मुखपृष्ठावर आपल्या शेजारी घातले आणि पद्धतीला स्वतःचे नाव न देता इंदूरचे दिले, हे त्यांच्या मोठेपणाचे आहे. मजुरांच्या बाबतीतही तेच. संस्थेत दिवसाचे काम सहा तासांचे होते, पगार वेळेवर मिळे, राहायला बरी घरे होती. त्या काळी हे फार होते.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. नंतर त्यांनी मेहुणी लुईझ यांच्याशी विवाह केला. १९३४ साली सर ही पदवी मिळाली.

पण त्यांचे काम इंदुरात थांबले नाही. जॅक्सन आणि वाड यांनी रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण इथे गावचा कचरा आणि मैला याच पद्धतीने खतात बदलून दाखवला आणि १९३४ मध्ये त्याचा अहवाल छापला. शहराच्या घाणीचा बंदोबस्त आणि शेतीचे खत एकाच कामात. १९३५ च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले, तेव्हा हे खड्डे पाहायला मुद्दाम संस्थेत गेले. पुढे बंगळुरात डॉ. आचार्य यांनी शहरांसाठी त्यात बदल केले, ती बंगलोर पद्धत. दक्षिण आफ्रिकेतल्या फिक्सबर्गनेही गावच्या कचऱ्याचे असे खत केले.

विलायतेत साहेबांचे दिवस भांडणात गेले. रासायनिक खतांचा तो भराचा काळ. १९४० साली त्यांचे 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' आले, त्यात त्यांनी कृषिसंशोधनाच्या चाकोरीवर सडकून टीका केली. भाषा कधी कधी गरजेपेक्षा कडक होते, हे मान्य करावे लागेल. पण त्याच पुस्तकात लंडनच्या कचरापेट्यांचा हिशेब आहे. साउथवर्क भागातला बारीक केलेला कचरा रेल्वेने ससेक्समधल्या बोडियमच्या हॉप्सच्या मळ्यात जाई आणि तिथे खत होई. शहराबाहेर पुरलेले जुने कचऱ्याचे ढीग म्हणजे खताच्या खाणी आहेत, ते उकरून शेताला द्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. तो कोणी मनावर घेतला नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनच्या ब्लॅकहीथ भागात त्यांचे निधन झाले. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर आपल्या महापालिकेने उकरून, चाळून साफ केला, त्याला अजून फार वर्षे झालेली नाहीत. त्याच भागात आता ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत होते. यंत्रे नवी आहेत, पण त्यात जाणारी सालपटे आपण स्वयंपाकघरात सकाळी वेगळी काढलेलीच असतात.