गोडसे भटजी : एका सामान्य माणसाचा प्रवास

इतिहास म्हटला की राजे, सेनापती, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्यांच्या घरादारांवरून त्या लढाया गेल्या, त्या साध्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले फारच थोडे सापडते. मराठीत याला एक ठळक अपवाद आहे. तो म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक. आज झाशीचे नाव निघाले की जाणकार वाचकास गोडसे भटजींची आठवण होतेच. परंतु त्यांची योग्यता त्यांनी गाजविलेल्या एखाद्या पराक्रमात नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

विष्णुभट हे कोकणातील पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. घरची विद्या वेदपठणाची, आणि घरचे दारिद्र्यही तसेच पिढीजात. डोक्यावर कर्ज, पदरी कुटुंब, मिळकत बेताची. अशा स्थितीत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळणार आहे, अशी वार्ता त्यांच्या कानी आली. वय तिशीच्या घरात होते. आईवडिलांची समजूत घालून, रामभट या आपल्या काकांच्या सोबतीने ते १८५७ साली उत्तरेस निघाले. देश पाहावा, कीर्ती मिळवावी, असा काही हेतू नव्हता. चार पैसे गाठीस बांधून कर्ज फेडावे एवढीच इच्छा होती.

वाटेत महूच्या आसपास त्यांना छावणीतल्या शिपायांकडून पुढे होऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागली. परत फिरावे तर घरी सावकार, पुढे जावे तर रणधुमाळी. काका-पुतणे पुढेच गेले. यज्ञाचा विषय मागे पडला आणि मुक्काम करीत करीत ते झाशीस पोहोचले. तेथे राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास दक्षिणी मंडळी पुष्कळ होती. विष्णुभटांना राणीसाहेबांचा दिनक्रम, त्यांचा व्यायाम, पूजाअर्चा, पोशाख, दानधर्म हे सर्व जवळून पाहावयास मिळाले.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीस वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. पुस्तकाचा गाभा येथेच आहे. रात्री आकाशातून येणारे तोफेचे गोळे, गल्ल्यांतून चाललेली कत्तल, जळणारी घरे, दिवसामागून दिवस निरनिराळ्या जिनसांची होणारी लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण, हे सारे भटजींनी पाहिले तसे सांगितले. त्यात ते स्वतः कोठे शौर्य दाखवीत नाहीत. ते लपतात, भितात, उपाशी राहतात; मोठ्या कष्टाने जमविलेली दक्षिणा लुटली जाते आणि जीव वाचला यातच समाधान मानावे लागते. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणीसाहेब भेटल्या. भटजी पाणी काढून देऊ लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणास तो श्रम न देता त्यांनी स्वतःच पाणी काढून घेतले. कोणत्याही सरकारी दप्तरात न सापडणारा हा प्रसंग एका वाटसरूने मनात जपून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

त्यानंतर तीर्थे करीत भटजी काशीस गेले आणि आईवडिलांना गंगास्नान घडावे म्हणून गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. धन मिळविण्यास गेलेला मुलगा पाणी घेऊन आला! कर्जाचा प्रश्न होता तेथेच राहिला. तथापि मायबापांचे ऋण त्याने आपल्या परीने फेडले.

हे सारे कागदावर उतरले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, आणि तेही भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह धरला म्हणून. वैद्यांनी ते १९०७ साली छापले, तेव्हा भटजी हयात नव्हते. इंग्रजी अमलाचे भय आणि तत्कालीन वाङ्मयीन अभिरुची यांमुळे मूळ मजकुरात बरेच फेरफार झाले होते. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती सिद्ध केली, ती १९६६ साली. भटजींची खरी वाणी वाचकांस ऐकू येण्यास छपाईनंतर आणखी एकोणसाठ वर्षे लागली. वैद्यांचे उपकार मोठेच, कारण त्यांनी विचारले नसते तर पुस्तकच नसते. परंतु साध्या माणसाच्या भाषेला सफाईची गरज नसते, हाही धडा त्यातच आहे.

भटजींच्या लेखनात दोष नाहीत असे नव्हे. ऐकीव गोष्टी त्यांनी पुष्कळ घेतल्या आहेत, आणि पंचवीस वर्षांनंतरच्या स्मरणात तपशील मागेपुढे झाले आहेत. इतिहासकाराने ते पारखून घ्यावे. पण भूक, भय आणि घराची ओढ यांच्या बाबतीत त्यांच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा मिळणे कठीण.

सरकारी नोकरीनिमित्त प्रस्तुत लेखकास अनेक प्रांतांत राहण्याचा योग आला. प्रत्येक गावी पोटासाठी दूर आलेली मराठी घरे भेटली. रेल्वेत, टपालखात्यात, कारखान्यांत, शाळांत आयुष्य घालविलेली ही माणसे. पहिली खोली कोणी मिळवून दिली, परभाषेत पहिला बाजार कसा केला, फाळणीच्या किंवा युद्धाच्या दिवसांत शेजारी कसे वागले, गणपतीची मूर्ती कोठून आणली, हे त्यांना तोंडपाठ असते. विचारले तर मात्र ते संकोचाने म्हणतात, की आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे! वरसईच्या भिक्षुकासही बहुधा असेच वाटले असेल.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. सभांचे वृत्तान्त आणि जमाखर्च दप्तरात सुरक्षित आहेत. ज्यांनी पहिल्या सतरंज्या अंथरल्या त्यांच्या आठवणी तशा सुरक्षित नाहीत. दरवर्षी त्यांतील एखादा आवाज कायमचा मिटतो. ज्येष्ठांनी एक वही घ्यावी आणि आपल्या बोलीत, जसे घडले तसे लिहावे. हात थरथरत असेल तर नातवंडांनी लिहून घ्यावे आणि त्यांचे शब्द बदलू नयेत. विष्णुभटांना विचारणारे कोणी तरी भेटले होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारणारे आपणच आहोत.